एमसीबी आहे, तरी शॉक का लागतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा आला की पाण्याची मोटार, गीझर, ओली भिंत यांचा शॉक लागून कोणी ना कोणी दगावल्याच्या बातम्या येऊ लागतात. ‘शॉक लागून मृत्यू’ एवढ्यावर बातमी संपते. घरात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, होता का, हे त्यात कधीच नसते. ते छापले जावे, यासाठी हे पत्र.

एमसीबी, म्हणजे जादा धारा वाहू लागली की आपोआप पडणारा (बंद होणारा) स्विच, बसवला की लोक निर्धास्त होतात. पण तो तारा जळू नयेत म्हणून असतो. साधा हिशेब करून पाहा. दाब २३० व्होल्ट आणि ओल्या अंगाचा रोध अंदाजे १००० ओहम धरला, तर अंगातून ०.२३ अँपिअर धारा जाते. १६ अँपिअरच्या एमसीबीला वाटते, घरात एक पंखा लागला. तो पडतच नाही. हृदयाची लय बिघडायला मात्र याच्या निम्मी धाराही पुरते.

आरसीसीबीचे काम वेगळे. त्याच्या आत एक चुंबकीय कडे असते आणि फेज व न्यूट्रल दोन्ही तारा त्यातून जातात. तारेतून धारा वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, हे ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखवले. दहावीची मुले ते आजही शिकतात. जाणारी आणि परत येणारी धारा सारखी असेल तर दोन्ही क्षेत्रे एकमेकांना खोडून काढतात. थोडी धारा कोणाच्या अंगातून जमिनीत गेली की परतीची कमी पडते, कड्यात क्षेत्र उरते, त्यावरच्या बारीक वेटोळ्यात धारा निर्माण होते आणि स्विच पडतो. घरगुती आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरचा फरक पुरतो. इतके सुंदर भौतिकशास्त्र रोज आपला जीव राखायला तयार असताना आपण ते बसवतही नाही, याचे फार वाईट वाटते.

अर्थिंग, म्हणजे उपकरणाचा धातूचा भाग जमिनीला जोडणारी तार, नीट असेल तर गळती त्या तारेतूनच जाते आणि कोणी हात लावण्याआधीच आरसीसीबी पडतो. म्हणून प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकू नये. एक मर्यादाही सांगायला हवी: कोणी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी धरले आणि जमिनीकडे गळती नसेल, तर कड्याच्या दृष्टीने हिशेब बरोबरच जुळतो आणि आरसीसीबी पडत नाही. जादा लोडसाठीही एमसीबी लागतोच.

‘सारखा पडतो’ म्हणून वायरमनकडून आरसीसीबी बायपास करून घेतलेली घरे मी पाहिली आहेत. तो पडतो कारण कुठेतरी गळती आहे. सगळी उपकरणे प्लगमधून काढून एकेक पुन्हा लावत गेले की दोषी उपकरण बहुधा सापडते. नाही सापडले तर वायरिंग तपासून घ्यावे. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. दाबूनही स्विच पडला नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सांगली