चाड्याची तीन भोकं

मा. संपादक,
स. न.

मी अमळनेरला राहतो. २२ वर्षं शाळेच्या स्वाध्यायपुस्तिका, बियाण्याच्या पिशव्या आणि लग्नपत्रिका यांसाठी चित्रं काढतो आहे. गेल्या महिन्यात एका प्रकाशकाने शेतीच्या अवजारांच्या पानावरची माझी तिफण, म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार, परत पाठवली. चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या भांड्यात, तीन काळे ठिपके दिसतात, ते पुसून चित्र स्वच्छ करा, असा निरोप होता. चित्राचे ३०० रुपये मिळणार होते. ठिपके मी पुसले नाहीत. त्यांनी दुसरीकडून तयार चित्र घेतलं. त्यातलं चाडं म्हणजे नुसती वाटी आहे.

संपादक महाशय, त्या भोकांशिवाय तिफण तिफणच राहत नाही. पेरणारी बाई मुठीतून दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, चाड्यात सोडते. दाणे तीन भोकांतून तीन नळ्यांत आणि तिथून फणांत उतरतात. एका मुठीच्या तीन सारख्या ओळी होतात. मधली नळी सरळ, कडेच्या दोन तिरप्या, तरी दाणा तिन्हींत सारखाच पडला पाहिजे. हे मला कागदावर कळलं नव्हतं. एका म्हाताऱ्या सुतारबाबांजवळ दोन दुपारी बसलो, तेव्हा कळलं. गिरमिट फिरवता फिरवता ते म्हणाले, "भोक कमीजास्त व्हयनं ते वावर सांगी देस." उगवण झाली की एक ओळ दाट, एक विरळ. वावर सांगतं ते असं.

तेव्हापासून माझी नजर भोकांवर जाते. कुलपाच्या बुडाला, किल्लीच्या खाचेशेजारी बारीक छिद्र असतं. पावसाचं पाणी त्यातून निथळून जातं, आत गंजत नाही. बॉलपेनच्या टोपणाला टोकाशी भोक असतं, कारण ते लहान मुलाच्या घशात अडकलंच तर हवा जात राहावी. कुणीतरी एका अनोळखी लेकराचा एवढा विचार केला आहे. इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी मुलं माझ्याकडे स्थिरचित्राच्या सरावाला येतात, त्यांना मी आधी हे टोपण हातात देतो.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला अहवाल दिला, त्यात आपल्या साध्या लोट्याचं मनापासून कौतुक केलं. त्या अहवालातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. परक्यांनी आपला लोटा इतका निरखला आणि आपल्याच मुलांच्या पुस्तकात मी मांडे सपाट तव्यावर भाजलेले पाहिले! हातावर झुलवत वाढवलेला मांडा खापराच्या फुगीर पाठीवरच नीट पसरतो. खान्देशातल्या कुठल्याही आजीला विचारावं.

माझी विनंती एवढीच, की आपल्या रविवारच्या बालपानावर दर आठवड्याला इथली एक वस्तू, समोर ठेवून काढलेली, छापावी. खाली चित्रकाराचं नाव द्यावं आणि वस्तू घडवणाऱ्याचंही. ट्रॅक्टरवरचं पेरणीयंत्र आल्यापासून सुतारबाबांकडे तिफणीचं काम येत नाही. गेल्या हंगामात त्यांनी एकच चाडं केलं, तेही दुरुस्तीचं. त्याचं चित्र माझ्याकडे तयार आहे. मानधन नको, फक्त भोकं पुसू नयेत.

आपला,
एक चित्रकार, अमळनेर (जि. जळगाव)