कलेक्शनची वही

दुबई, रविवार

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद,

ती. आईला माझा नमस्कार सांग. पनवेलच्या बाजूच्या ऑर्केस्ट्रा बारात तू गायला उभी राहणार, हे कळलं. गाण्याचं तुला कुणी शिकवायला नको. मेकअप रूममधल्या जळफळाटाबद्दल मात्र आधीच लिहिते. तिथल्या बायका वाईट नसतात गं. पैसा मोजायची पद्धतच अशी आहे, की सख्ख्या बहिणींतही भांडण लागेल.

स्टेजवर एका वेळी कलाकार आठच. पूर्वी त्यातही चार बायका, चार पुरुष अशी अट होती. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती काढली, आठाचा आकडा मात्र ठेवला. 2005 च्या डान्सबार-बंदीआधी मोठ्या बारात मुलींना अशी मोजकी जागा नव्हती. आता नवी आली की जुनीपैकी कुणीतरी उतरणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून पहिल्या दिवशी कुणी हसून बोललं नाही, तर मनाला लावून घेऊ नकोस. त्या आठ जागाही सारख्या नसतात. खर्च करणाऱ्या टेबलासमोरच्या माइकवर पैसा येतो, खांबाआडच्या माइकवर रात्र कोरडी जाते. मॅनेजरने तुला पुढे उभं केलं, तर त्या जागेवरच्या बाईला त्याच्यासमोरच विचार, ‘ताई, आजच्यापुरतं ना?’ पाठीमागून जागा मिळाली असं तिला वाटलं, की महिनोन् महिने निस्तरावं लागतं.

खरी ठिणगी पडते ती नोटेवर. दहाच्या नोटांची गड्डी म्हणजे शंभर नोटा, हजार रुपये. गड्डी उधळली की नोटा दोघींच्या मधे पडतात. वेटर गोळा करतो आणि कुणाच्या ढिगात टाकायच्या ते तोच ठरवतो. ज्या बाईकडून त्याला बक्षिसी चांगली, तिचा ढीग वाढतो. 2019 च्या निकालात कोर्टाने उधळायची बंदी कायम ठेवली, हातात टीप द्यायला मुभा दिली. तू तेच धर. हातात आलेल्या नोटेचा मालक एकच असतो. फर्माईश कुणाच्या नावाने आहे, हेही तिथेच विचारून घे.

जमलेल्या पैशात तुझा वाटा किती, हे पहिल्याच दिवशी विचार, आणि एकटीने नको, दुसऱ्या एखादीसमोर. समजा, 14 गड्ड्या झाल्या आणि बारचा वाटा साठ टक्के असला, तर 8,400 त्यांचे, 5,600 तुझे. फुटलेली गड्डी मोजल्याशिवाय घेऊ नकोस. चार-सहा नोटा कमी निघाल्या तर तूट तुझ्याच नावावर पडते. एक छोटी वही कर: तारीख, गड्ड्या, सुट्टे, कापलेले, हाती आलेले. झोपण्याआधी लिही. कलेक्शनचा, म्हणजे रात्री जमलेल्या पैशांचा, आकडा मात्र कुणाला सांगायचा नाही. जास्त सांगितलास तर जळतील, कमी सांगितलास तर लपवतेस म्हणतील.

कस्टमर तोडणे, म्हणजे दुसरीचं गिऱ्हाईक ओढणे, हा या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. दुसरीचा ठरलेला माणूस तुझ्याकडे बघून नोट काढतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला तिला जळवायचं असतं. ती चिडते, तिचा दुसरा कस्टमर ईर्षेने गड्ड्या फोडतो, आणि गल्ला भरतो मालकाचा. मॅनेजरला हे कळतं, म्हणून तो कधी मिटवत नाही. अशा वेळी एक गाणं म्हण, नमस्कार कर, माइक तिच्याकडे दे. फोन नंबर देऊच नकोस.

काजळ, लिपस्टिक कुणाशी वाटून वापरू नकोस, डोळे येतात. स्टेजवर जाण्याआधी घागऱ्याची नाडी स्वतः तपासून वर दोन सेफ्टी पिना लाव. पर्समध्ये लिंबू सापडलं म्हणून ‘करणी केली’ असा गलका झाला, तर बाजूला हो. ‘ही पोलिसांना खबर देते’ ही अफवा त्याहून वाईट, कारण रेडनंतर सगळ्यांचा रोज बुडतो आणि कुणावर तरी राग काढायचा असतो. पोलीस स्टेशनचं नाव चेष्टेतही काढू नकोस. खोली त्यातल्याच कुणाबरोबर घेऊ नकोस, तिथलं भांडण भाड्यात आणि रिक्षाच्या पैशांत शिरतं. घरमालकाला एकीचं खरं कळलं, की दोघींचं सामान रस्त्यावर येतं.

इकडे दुबईला यायचं कुणी सुचवेल. इथे नोटा उधळत नाहीत, कस्टमर हार, पट्टा, मुकुट विकत घेऊन आवडत्या बाईच्या नावावर लावतो. टार्गेट असतं, त्यामुळे चढाओढ तीच. टुरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतो, म्हणजे कामासाठी इकडे यायला सरकारची परवानगी लागते, आणि तसा पासपोर्ट असलेल्या तिशीच्या आतल्या बाईला सरकार ती देत नाही. ‘सगळं करून देतो’ म्हणणाऱ्याला पासपोर्ट हातात देऊ नकोस.

वाट्याचं काय ठरलं ते कळव. वहीचं पहिलं पान भरलं की फोटो पाठव, मी बेरीज तपासते.

तुझी,
ताई