झाड पडलं, झाड पाडलं: जर्मनच्या बाईंना जाहीर पत्र

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तुमच्याकडे शिकलेले आम्ही आता जर्मनचे वर्ग घेतो आणि सबल क्रियापदं (भूतकाळात प्रत्यय न घेता आतला स्वर बदलणारी) तुमच्याच पद्धतीने शिकवतो. त्याचे हे मनापासून आभार.

पुस्तकामागची अकारविल्हे यादी तुम्ही कधीच पाठ करायला लावली नाहीत. स्वरांवरून रांगा लावून दिल्यात. झिंगन–झांग–गेझुंगन (गाणं, गायलं, गायलेलं) तोंडात बसलं, की ट्रिंकन, फिंडन, श्प्रिंगन त्याच चालीवर येतात. ‘आय’ची रांग मात्र फसवी. ब्लायबन–ब्लीब, श्रायबन–श्रीब, श्टायगन–श्टीग इथे ‘ई’ दीर्घ. फ, ट, स किंवा श आला की ऱ्हस्व: ग्रायफन–ग्रिफ, रायटन–रिट, बायसन–बिस. श्नायडन आणि लायडन तर ‘ड’ टाकून श्निट, लिट होतात. मायडन मात्र मीडच राहतं. हे दोन अपवाद तुम्ही पहिल्याच दिवशी वेगळे लिहून दिलेत, म्हणून पुढचा गोंधळ टळला.

‘तो आला’साठी मुलं ‘एर कामट’ म्हणतात, ही चूक वर्तमानकाळातल्या ‘एर कोम्ट’मुळे (तो येतो) होते. सबल क्रियापदांच्या भूतकाळात ‘इश’ (मी) आणि ‘एर’ (तो) यांना प्रत्यय नाही: इश काम, एर काम. आणि ‘गिंग’चं (गेला) ‘गिंगटे’ होतं ते दुर्बल, म्हणजे प्रत्ययाने भूतकाळ करणाऱ्या, क्रियापदांचा ‘टे’ चिकटवल्याने.

पण सगळ्यांत मोठं देणं मराठीतूनच दिलंत. झाड पडलं: डेअर बाउम फील. त्याने झाड पाडलं: एर फेल्टे डेन बाउम. पडणारं फालन सबल, पाडणारं फेलन दुर्बल; पहिल्याला ‘इस्ट गेफालन’, दुसऱ्याला ‘हाट गेफेल्ट’. तसंच लीगन–लाग (पडून असणं) आणि लेगन–लेग्टे (ठेवणं). ट्रिंकन म्हणजे पिणं, ट्रेंकन म्हणजे गुरांना पाणी पाजणं; हे प्रयोजक रूप ‘ट्रांक’च्या ‘आ’वरून घडलंय. संस्कृतातल्या पतति–पातयति या जोडीतला स्वरबदलही त्याच आदि-भारोपीय मुळातून, म्हणजे संस्कृत आणि जर्मन या दोन्हींच्या समान पूर्वज भाषेतून आलेला. एवढं कळल्यावर मराठी मुलांना आब्लाउट, म्हणजे हा स्वरबदल, परका वाटत नाही.

‘मदत केली’ला ‘हाल्फ’ असताना संकेतार्थात (‘मदत केली असती’सारख्या रूपात) ‘ह्यूल्फे’ का, याचंही उत्तर तुमच्याकडे होतं. पूर्वी एकवचन आणि अनेकवचन यांचे स्वर निराळे होते: हाल्फ, पण हुल्फुन. संकेतार्थ त्या अनेकवचनावरून बनला. शिवाय ‘हेल्फे’ झालं असतं तर ते वर्तमानातल्या रूपासारखंच ऐकू आलं असतं. ‘वी डी आल्टन झुंगन, झो त्स्वित्शर्न डी युंगन’ (थोरले गायले तसेच धाकटे चिवचिवतात) या म्हणीत ‘झांग’चं जुनं अनेकवचन ‘झुंगन’ यमकामुळे टिकलंय. आम्ही ती फळ्यावर लिहून मगच ‘ह्यूल्फे’ला हात घालतो.

तुमचे,
सगळे विद्यार्थी