मत्स्यबीज सोडले, जगले किती?

महोदय,

नदीत किंवा धरणात मत्स्यबीज सोडले की बोटुकलीचा (बोटभर लांबीच्या माशांच्या पिलांचा) आकडा छायाचित्रासह वृत्तपत्रांत झळकतो. वर्षभराने त्यांपैकी किती जगली, हे मात्र कोणी सांगत नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १८७२ पासून सॅमन माशाची अंडी हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) उबवली जात आहेत. तेथे पिले सोडण्यापूर्वी अनेकदा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापतात, त्यामुळे परतलेला मासा हॅचरीचा की नदीत जन्मलेला, हे पाहताक्षणी कळते. या नोंदींवरून दिसते की, समुद्राकडे गेलेल्या हॅचरीच्या शंभर पिलांतून बहुधा एखाद-दुसरेच प्रौढ होऊन परतते, आणि कित्येकदा तेवढेही नाही. टाकीत वरून पडणाऱ्या खाद्यावर वाढलेल्या पिलाला प्रवाहात भक्ष्य शोधण्याची किंवा पक्ष्याची सावली पडताच दडण्याची सवय नसते. ओरेगॉनमधील हूड नदीत सॅमनच्याच कुळातील स्टीलहेडचा अभ्यास झाला. बंदिस्त पैदाशीच्या प्रत्येक पिढीमागे नैसर्गिक पाण्यातील प्रजननाचे यश सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असा त्याचा २००७ मधील निष्कर्ष आहे. वेल्सने तर २०१४ मध्ये नद्यांत सॅमन सोडणे थांबवण्याचाच निर्णय घेतला.

आपल्याकडचा महाशीर हा नदीतला मासा पुण्याला परका नाही. ब्रिटिश अधिकारी व निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते मुळा-मुठेतील माशांवरून, आणि लोणावळ्याच्या वळवण येथील टाटांच्या हॅचरीत त्याची पैदास कित्येक दशके होत आहे. हाच महाशीर कावेरीत सोडला गेला आणि तेथे फोफावला. त्याच काळात तेथील मूळचा कुबडा महाशीर मात्र इतका घटला की २०१८ मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली. ही घट उघड झाली ती (सरकारी अहवालातून नव्हे) गळाने मासे पकडणाऱ्या हौशी लोकांच्या नोंदवह्यांमधून!

तेव्हा आपल्याकडेही सोडलेल्या बोटुकलीपैकी काहींवर खूण करावी, भोई बांधवांच्या जाळ्यांत ती किती सापडतात याची नोंद ठेवावी आणि तो आकडा दरवर्षी जाहीर करावा. महाशीरला अंडी घालण्यासाठी वाहते, स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. शहरातील सांडपाण्याने काळवंडलेल्या पात्रात बोटुकली सोडण्यापूर्वी संबंधित खात्याने तेथील पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजून त्याचा आकडाही प्रसिद्ध करावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे