नाव विचारायचं राहिलेल्यांचे आभार

मागच्या उन्हाळ्यात माझा 15 वर्षांचा मुलगा बापाशी भांडून घरून निघून गेला. रात्रभर शोधलं. सकाळी फोन आला, पोरगा नागपूर स्टेशनवर आहे, सुखरूप आहे.

फलाटावर त्याला हेरणाऱ्या पोलीस ताई, तुम्ही आधी त्याला तर्री-पोहे खाऊ घातले, मग नाव विचारलं. तो अजून सांगतो, "आई, लिंबूपण मागून दिलं त्यांनी."

1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर लहान लेकरांसाठीच असतो असं मला वाटायचं. 18 च्या आतलं कुणीही त्यात येतं, हे तेव्हा कळलं. 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं म्हटल्यावर तर हातपाय गळाले; मला कोर्टच वाटलं. तिथल्या मॅडमनी "घरी जायचं का?" हे आम्हाला नाही, त्याला विचारलं. तो कितीतरी वेळ बुटाची लेस बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, "आई असेल तर."

समुपदेशक सर, यांना तुम्ही 10 मिनिटं गप्प बसून पोराचं ऐकायला लावलं. इतक्या वर्षांच्या संसारात मला ते जमलं नव्हतं! शेजारचे "सुधारगृहात टाकला का?" विचारत होते, ते जाऊ द्या.

परवा स्टेशनवर गेलो तेव्हा तो त्या ताईंना शोधत होता. दिसल्या नाहीत. त्यांच्यासाठी नेलेला चिवड्याचा डबा मदत कक्षातल्या टेबलावर ठेवून आलो.