मे महिन्यातलं विमान आणि जळगावचं ऊन

संपादक साहेब, स.न.वि.वि.

एअरपोर्टची समुद्रसपाटीपासूनची उंची पायलटला कशाला लागते असं पारावर विचारतात म्हणून लिहितोय. उंचावर हवा विरळ, पंखांना उचल कमी, इंजिनही दमतं, मग धावपट्टी जास्त लागते. लेहला १०,६८२ फुटांवर म्हणूनच फ्लाइट बहुतेक सकाळच्या थंडीत उरकतात. आपलं जळगाव हजार फुटांच्याही खाली, पण ४५ डिग्रीला हवा इतकी पातळ होते की विमानाच्या हिशोबाने ती साडेचार हजार फुटांवरचीच! मग वजन कमी करा, कधी बॅगा मागे ठेवा. अल्टिमीटर म्हणजे विमानातलं उंची दाखवणारं यंत्र, ते तपासायलाही हीच उंची लागते; कंट्रोल टॉवरने दिलेला हवेचा दाब त्यात सेट केला की उभ्या विमानात काट्याने एअरपोर्टचीच उंची दाखवली पाहिजे, लई फरक पडला तर उडायचंच नाही. विमानसेवेच्या बातम्यांसोबत हेही छापा ना.

एक वाचक, जळगाव