गाळप हंगामात रोटाचे डोस चुकतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उसाचा गाळप हंगाम आणि रोटाव्हायरसच्या जुलाबांचा हंगाम आपल्या जिल्ह्यात एकाच वेळी येतात, पण त्यांचा एकत्र विचार कुणी करत नाही. पंचगंगेचा पूर ओसरला की पाणी उकळून प्या, क्लोरिन टाका, हे गावोगाव सांगितलं जातं. रोटाव्हायरस मात्र थंडीच्या कोरड्या हवेत जोर धरतो. नेमक्या त्याच महिन्यांत बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीरच्या फडांवर उतरलेल्या असतात आणि त्यांच्या कोप्यांमध्ये (तात्पुरत्या झोपड्यांमध्ये) अंगावर पिणारी बाळं असतात.

नुसत्या स्वच्छ पाण्याने हा विषाणू आवरत नाही. आजारी बाळाच्या शीमधून तो हातांवर, भांड्यांवर, कपड्यांवर जातो, तिथे काही दिवस टिकतो आणि थोडे कण पोटात गेले तरी पुरतात. लस नव्हती तेव्हा श्रीमंत देशांतल्या मुलांनाही तो गाठायचाच; पण ती मुलं वेळेत सलाईनपर्यंत पोचत. २०१३ साली जगात रोटाव्हायरसने सुमारे २ लाख १५ हजार बालकं दगावल्याचा अंदाज आहे, त्यांतली सुमारे ४७ हजार भारतातली.

महाराष्ट्रात २०१९ पासून रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात मोफत आहे. ६, १० आणि १४ आठवड्यांना, तोंडावाटे. पहिला डोस बाळ वर्षाचं होण्याआधी मिळालाच पाहिजे, नंतर तो सुरू करत नाहीत. मात्र एक डोस वेळेत झाला असेल तर राहिलेले किमान चार आठवड्यांच्या अंतराने पुरे करता येतात. पहिल्यापासून सुरुवात नको. घोळ होतो तो इथे. पहिला डोस गावी झालेला असतो, पुढचे दोन कोपीवर असताना येतात आणि कार्ड गावाकडे पेटीत राहतं. कार्ड नाही म्हणून बाळ परत पाठवू नये. यू-विनवर (सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदणीवर) नोंद असेल तर मोबाईल क्रमांकावरून सापडते. नसेल तर गावच्या आशाताईंकडून कार्डाचा फोटो मागवावा. टोळी उतरली की आठवड्याच्या आत मुकादमाने वर्षाखालच्या बाळांची नावं आणि जन्मतारखा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात द्याव्यात, आणि साखर कारखान्यांनी हे करारातच घालावं. लसीकरणाचं सत्रही बाया फडातून परततात त्या वेळेला, कोप्यांवरच व्हावं. सकाळी दहाला तिथे कुणी सापडत नाही.

लस गंभीर आजार टाळते, सगळे जुलाब नाही. रोटाव्हॅक या रोटाव्हायरसवरच्या लसीच्या भारतातल्या चाचणीत पहिल्या वर्षात गंभीर रोटा-जुलाबांपासून जवळपास ५६ टक्के संरक्षण दिसलं. तेव्हा ओआरएस (जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं पाणी) आलंच, आणि त्यात एक चूक फार होते: लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवतात. त्याने रक्तातलं सोडियम वाढतं, बाळाला झटके येऊ शकतात. २०.५ ग्रॅमचं अख्खं पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात एकदम विरघळवावं, उरलेलं २४ तासांनी फेकून द्यावं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलि, मोठ्याला १०० ते २०० मिलि. उलटी झाली तर बंद करायचं नाही. दहा मिनिटं थांबून, एकेक चमचा, मिनिट-दोन मिनिटांनी. अंगावरचं दूध चालूच ठेवावं. झिंक १४ दिवस द्यावं: सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यावर २०. जुलाब दोन दिवसांत थांबले की बहुतेक घरांत झिंक बंद होतं, ते होऊ नये. दुकानातली गोड टेट्रापॅक पेयं म्हणजे ओआरएस नव्हे; जादा साखरेने जुलाब वाढतात. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि जुलाब ‘बांधायच्या’ गोळ्या लहान मुलाला धोक्याच्या.

‘दात येताहेत, होतातच जुलाब’ म्हणून दिवस घालवले जातात, ते सर्वांत घातक. डोळे किंवा टाळू खोल गेली, पोटाची चिमटीत धरलेली कातडी हळू सरकू लागली, लघवी थांबली, बाळ मलूल पडलं किंवा पीतच नाही, तर लगेच दवाखाना. लस दिल्यानंतरच्या आठवड्यात बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल, उलट्या आणि शीतून रक्त असेल तर आतड्यात आतडं अडकल्याची शंका घ्यावी. हे क्वचित घडतं, पण त्यात तासांचा हिशेब असतो. थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ, कोल्हापूर